जुनी स्पोर्ट्स कार कोकणात रोज वापरायची, तर या चुका टाळा

वेंगुर्ल्यात बंदराकडे वळताना, जेमतेम दहाच्या वेगात, माझ्या हेराल्डचं पुढचं डावं चाक आत दुमडलं आणि गाडी बसली. इंजिन चालू, दिवे चालू, रंग नवा कोरा आणि चाक मडगार्डखाली आडवं. हेच आंबोलीच्या उतारावर झालं असतं तर मी आज हे लिहायला नसतो. त्या दिवशी काय तुटलं ते पुढे सविस्तर सांगतो. ज्यांच्याकडे हेराल्ड किंवा स्पिटफायर आहे त्यांनी उद्या सकाळी आधी ती जागा बघावी, असं मला मनापासून वाटतं.

आधी गाडीबद्दल थोडं. ट्रायम्फ हेराल्ड १९५९ साली इंग्लंडात आली, रेखाटन मिकेलॉटी या इटालियन माणसाचं. १९६१ पासून मद्रासची स्टँडर्ड कंपनी ती आपल्याकडे बनवू लागली. १९६२ साली आलेली स्पिटफायर ही दोघांची उघडी स्पोर्ट्स कार हेराल्डचीच चासी, म्हणजे गाडीचा खालचा लोखंडी सांगाडा, आखूड करून बनवलेली. एमजीची जुनी स्पोर्ट्स कार नाहीतर स्पिटफायर ज्याला मिळत नाही किंवा परवडत नाही, तो हौशी माणूस आपल्याकडे बहुतेक वेळा हेराल्डपाशी येऊन थांबतो. मीही तसाच थांबलो आणि मला त्याचा पश्चात्ताप नाही. ही गाडी पंचवीस फुटांच्या वर्तुळात वळते. आमच्या बाजारातल्या बोळात जिथे आजच्या गाड्या तीनदा मागेपुढे करतात, तिथून ती एका दमात निघते.

रंग बघून गाडी घेणं

ही सगळ्यांची पहिली चूक. मी पुण्याला जाऊन एप्रिलच्या उन्हात गाडी बघितली. लाल रंग, चकचकीत क्रोम, पाऊण तासात व्यवहार ठरला. घरी आणल्यावर मेस्त्रींनी रंगाकडे बघितलंसुद्धा नाही. गोणपाट अंथरून ते सरळ गाडीखाली शिरले आणि आतूनच म्हणाले, "ह्या गाडयेन मीठ खाल्ल्यान." मूळ गाडी मुंबईत समुद्राजवळ राहिलेली होती, हे मला नंतर कळलं.

हेराल्डची चासी वेगळी आणि बॉडी वेगळी, तिच्यावर बोल्टांनी बसवलेली. त्यामुळे बॉडी कितीही सुंदर असली तरी चासी सडलेली असू शकते. चासीच्या दोन्ही बाजूंना बॉडीला आधार देणारे लोखंडी हात फुटलेले असतात, त्यांना आउटरिगर म्हणतात. चिखल, पाणी आणि मीठ नेमकं तिथे साचतं. बरोबर एक लोहचुंबक आणि एक जाड स्क्रूड्रायव्हर न्या. चुंबक जिथे चिकटत नाही तिथे पत्र्याऐवजी लांबी (पुटी) भरलेली आहे. आउटरिगरवर स्क्रूड्रायव्हर दाबून बघा, आत गेला तर व्यवहार तिथेच थांबवा. विकणारा नको म्हणाला तरी थांबवा.

खालून डांबरासारखा जाड काळा थर दिला असेल तर जास्तच सावध व्हा. तो थर गंजावर दिला तर पाणी त्याच्या आत अडकतं आणि पत्रा आतून खात जातं, बाहेरून मात्र सगळं छान काळंभोर दिसतं.

इंजिन चालू करून नुसता आवाज ऐकू नका. हेराल्डचं बॉनेट मडगार्डांसकट पुढे उलटतं, त्यामुळे बघणं सोपं आहे. इंजिन बंद ठेवून एकाला क्लच दाबायला सांगा आणि तुम्ही पुढच्या पुलीकडे बघा. क्लच दाबल्यावर पुली पुढे सरकलेली डोळ्यांना स्पष्ट दिसली, तर क्रँकचे, म्हणजे इंजिनच्या मुख्य फिरत्या दांड्याचे, थ्रस्ट वॉशर संपलेत. दांडा पुढेमागे सरकू नये म्हणून ते असतात. ते गळून पडले की इंजिनचा ब्लॉकच खराब होतो.

छप्पर कापून 'कन्व्हर्टिबल' केलेल्या हेराल्ड खूप फिरतात. छप्पर बोल्टांवर असल्यामुळे काढणं सोपं, पण ते गेल्यावर गाडी मधोमध वाकते. दार उघडून गाडीला जॅक लावा आणि मग दार लावून बघा. दार अडलं तर उत्तर मिळालं. शिवाय मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार असा बदल आरटीओच्या कागदावर नसेल तर त्रास तुम्हालाच होणार. विकणारा मोकळा झालेला असतो.

विंटेज नोंदणीचा मोह

२०२१ पासून पन्नास वर्षांहून जुन्या, मूळ रूपातल्या गाड्यांना वेगळी विंटेज नोंदणी मिळते, नंबरात 'व्हीए' अक्षरं येतात. दिसायला भारी दिसतं. पण अशी गाडी रस्त्यावर रोजच्या कामासाठी चालवता येत नाही. प्रदर्शन, रॅली, तांत्रिक अभ्यास, पेट्रोल भरणं आणि देखभाल एवढ्यासाठीच ती बाहेर काढायची. बाजाराला, कामावर, पोरांना शाळेत सोडायला ती चालणार नाही. रोज वापरायची असेल तर साधी नोंदणीच ठेवा आणि पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी नूतनीकरण करत राहा. घेण्याआधी इंजिन नंबर आणि चासी नंबर स्वतः घासून, वाचून आरसी बुकाशी ताडून बघा. जुन्या गाड्यांत इंजिन बदललेलं असणं अगदी नेहमीचं, आणि कागदावर ते चढवलेलं नसणंही तितकंच नेहमीचं.

विम्यात पाच वर्षांवरच्या गाडीची किंमत विमा कंपनी आणि मालक यांच्या संमतीने ठरते. ती लेखी ठरवून घ्या.

तेलाच्या जागी ग्रीस

आता त्या चाकाबद्दल. हेराल्ड आणि स्पिटफायर दोन्हींत पुढचं चाक ज्या उभ्या दांड्यावर असतं, त्याच्या खालच्या टोकाला आटे असतात. ते आटे ब्राँझच्या एका बुटात बसतात. हा बूट म्हणजे ट्रनियन. स्टिअरिंग फिरवलं की दांडा त्या आट्यांवर फिरतो, म्हणजे गाडीचं पुढचं वजन आणि वळण दोन्ही त्या आट्यांवर. या जागेला ईपी ९० गिअर ऑइल लागतं, ग्रीस नाही. पण निपल, म्हणजे गन लावायचं छोटं तोंड, दिसला की बहुतेक गॅरेजांत हात आपोआप ग्रीस गनकडे जातो. ग्रीस आट्यांत नीट पसरत नाही, जागच्या जागी सुकतं आणि तेलाची वाट बंद करतं. मग पाणी आत उतरतं आणि बुटाच्या तळाशी बसून राहतं. आमच्याकडे ते पाणी खारंही असू शकतं.

माझी गाडी वाटेत एका गॅरेजात सर्व्हिसिंगला दिली होती. तिथे चारही बाजूंना ग्रीस मारून दिलं, बिलावरही तसंच लिहिलं होतं. महिन्याभरात स्टिअरिंग जड लागायला लागलं आणि वळणातून बाहेर पडताना ते आपणहून सरळ येईना. मला वाटलं टायरमध्ये हवा कमी आहे. हवा भरली आणि चालवत राहिलो. ती माझी चूक होती.

चाक दुमडल्यावर मेस्त्रींनी तुटलेला दांडा फडक्याने पुसून माझ्या हातात दिला. तुटलेल्या तोंडावर दोन रंग होते. अर्ध्याहून जास्त भाग तपकिरी, गंजलेला, आणि एका कडेला चंद्रकोरीएवढा भाग चांदीसारखा चमकणारा. मेस्त्री म्हणाले, "हो तुकडो बघा. अर्धो कवाच मोडलेलो." म्हणजे कित्येक दिवस मी त्या उरलेल्या कोरीच्या भरवशावर कुटुंबाला घेऊन फिरत होतो.

आता मी पावसाळ्यात दर महिन्याला दोन्ही ट्रनियनमध्ये गन लावून तेल भरतो, वरून तेल पाझरेपर्यंत. आधी काळं, पाणीमिश्रित तेल येतं, मग स्वच्छ येतं, तेव्हा थांबतो. दहा मिनिटांचं काम आहे. काही गाड्यांत निपलच्या जागी साधं बूच असतं, ते काढून निपल बसवावा लागतो. जुनी गाडी घेतली असेल तर आधी काय भरलंय याचा विचारच करू नका. दोन्ही बाजूंचे दांडे आणि ट्रनियन काढून बघा, शंका आली तर नवे बसवा. इंग्लंडात ते आजही बनतात आणि मागवता येतात.

पावसाळाभर झाकून ठेवणं

मिरग लागला की जुन्या गाड्या ताडपत्रीत गुंडाळायच्या आणि गणपतीला बाहेर काढायच्या, असा सल्ला मला प्रत्येकाने दिला. मी एक वर्ष तसं केलं. सप्टेंबरात ताडपत्री काढली तेव्हा सीटवर हिरवी बुरशी होती, ब्रेक चिकटून चाकं फिरत नव्हती, क्लचप्लेट गंजून चिकटली होती आणि डॅशबोर्डमागच्या वायरी उंदरांनी कुरतडल्या होत्या. रत्नागिरी-सिंधुदुर्गात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. हवेतलं पाणी ताडपत्रीच्या आत जातंच आणि आत गेलं की बाहेर येत नाही.

माझं ठाम मत आहे की कोकणात जुनी गाडी चालवल्याने नाही, उभी ठेवल्याने मरते. रोज चाललेल्या गाडीचं तेल फिरतं, ब्रेकचे ड्रम सुकतात, इंजिनच्या उष्णतेने ओल उडते. मात्र घरी आल्यावर खालून गोड्या पाण्याने धुवायला हवी. आपल्याकडे मासळीच्या गाड्यांतून बर्फाचं खारं पाणी रस्त्यावर गळत जातं, ते आपल्या चाकांनी उडून चासीला लागतं. होडीचं मशिन समुद्रातून आल्यावर गोड्या पाण्याने धुवायचं असतं हे आपल्याला लहानपणापासून माहीत असतं, गाडीचं पोट मात्र आपण विसरतो. चासीच्या पोकळ भागात मेणाचं कॅव्हिटी वॅक्स मारून घ्या, आणि पाणी निथळायची भोकं तारेने मोकळी ठेवा.

गाडी ठेवायला वर पत्रे आणि बाजूंनी वारा असलेली पडवी सगळ्यात उत्तम. झाकायचीच असेल तर हवा खेळणारं कापडी कव्हर घ्या. आणि माडाखाली कधीही उभी करू नका.

पेट्रोल

आता पंपावर मिळतं त्या पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल असतं. इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं, आणि जुन्या रबरी पाइपांना आणि गाडीतल्या पेट्रोल पंपाच्या पडद्याला ते सोसत नाही. पाइप आतून मऊ होऊन त्याचे कण कारबोरेटरच्या जेटमध्ये, म्हणजे बारीक भोकात, अडकतात, आणि गाडी चढावर झटके द्यायला लागते. दोष कारबोरेटरला दिला जातो, तो तीनदा उघडला जातो, आणि पाइप तसाच राहतो. सगळे पाइप इथेनॉल सोसणारे घाला, पडदा बदला, टाकीतलं जुनं पेट्रोल काढून टाका. पाइप बाहेरून ओला किंवा चिकट लागला तर त्या दिवशी गाडी काढूच नका, त्याच्या खालीच गरम इंजिन असतं.

घाट आणि ब्रेक

माझ्या हेराल्डला चारही चाकांना ड्रम ब्रेक. करूळ, फोंडा, आंबोली उतरताना ब्रेकवर पाय ठेवून गेलात तर ड्रम तापतात आणि पाच-सहा वळणांनंतर पेडल दाबूनही गाडी थांबत नाही. ज्या गिअरमध्ये घाट चढाल त्याच गिअरमध्ये उतरा. गाडीची मागची चाकं आडव्या पाट्यावर आणि झुलत्या ॲक्सलवर आहेत. वळणात वेगाने शिरून मध्येच पाय काढला तर मागचं चाक खाली दुमडतं आणि शेपूट बाहेर जाते. वेग वळणाआधी कमी करायचा, वळणात हलका ॲक्सिलरेटर धरायचा. ओल्या रस्त्यावर हे शंभर टक्के पाळा.

साचलेल्या पाण्यातून गेल्यावर थोडं अंतर ब्रेक हलके दाबत चालवा म्हणजे ड्रम सुकतील. ब्रेक ऑइल पाणी शोषतं, म्हणून मी दर वर्षी पावसाळ्यानंतर बदलतो. टायरला नक्षी भरपूर दिसली तरी बाजूवरचे चार आकडे वाचा. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. सहा वर्षांवरचा टायर घाटात नको.

पुळणीवर फोटो काढायला गाडी नेणं, हा मोह फार मोठा. वाळू ओली दिसते, टणक वाटते, आणि चाक एकदा रुतलं की भरती थांबत नाही. तिथून निघालात तरी खारी वाळू ड्रममध्ये आणि चासीत घेऊन घरी येता. दाभोळ-धोपावे किंवा जयगड-तवसाळ जंगलजेटीवर, म्हणजे गाड्या खाडीपार नेणाऱ्या बोटीवर, मात्र जरूर जा, फक्त ओहोटीच्या वेळी उतार तीव्र असतो, तिथे तिरपी आणि अगदी हळू चढवा, नाहीतर सायलेन्सर घासतो. पलीकडे गेल्यावर पहिल्या नळाला पोट धुऊन घ्या.

वायरिंगचं थोडक्यात. त्या काळच्या पुष्कळ ब्रिटिश गाड्यांचं अर्थिंग पॉझिटिव्ह असतं, म्हणजे बॅटरीचं पॉझिटिव्ह टोक बॉडीला जोडलेलं असतं. मेकॅनिकला सवय निगेटिव्हची. बॅटरी उलटी जोडली किंवा दुसऱ्या गाडीवरून उलटा करंट दिला तर जळतं. बॅटरीजवळ मोठ्या मराठी अक्षरांत लिहून चिकटवा.

माझ्या डिकीत कायम असतं ते असं: पॉइंट आणि कंडेन्सर (दोन्ही इंजिनच्या ठिणगीसाठी), फॅनबेल्ट, पेट्रोल पंपाचा पडदा, एक हात पाइप आणि दोन क्लिपा, दोन लिटर कूलंट मिसळलेलं पाणी, ईपी ९० ची बाटली, गन, आणि एक कोरडा पंचा, पावसात गाडी बंद पडली तर डिस्ट्रिब्युटरची टोपी पुसायला.