घरी किंवा दुकानात आयपी कॅमेरा स्वतः कसा बसवायचा: जागा ठरवण्यापासून पासवर्डपर्यंत

गावी आई-बाबा दोघंच असतात आणि आपण पुण्यात नाहीतर ठाण्यात, किंवा खाली दुकान वर घर असं असलं की रात्री शटरची काळजी, अशा वेळी आयपी कॅमेरा, म्हणजे इंटरनेटला जोडून मोबाईलवर बघता येणारा नेटवर्क कॅमेरा, खरंच कामाला येतो आणि तो बसवणं आता फार अवघड राहिलेलं नाही. पण लावलेले कितीतरी कॅमेरे ऐन वेळी उपयोगी पडत नाहीत, चोरी झाल्यावर बघायला जावं तर चेहऱ्याऐवजी नुसती टाळू दिसते नाहीतर रेकॉर्डिंगच कधीतरी बंद पडलेलं असतं. म्हणून कुठला ब्रँड घ्यायचा याबद्दल मी इथे कमीच लिहिणार आहे. फुटेज हवं तेव्हा मिळावं आणि ते फक्त तुम्हालाच मिळावं, यासाठी काय करायचं ते सविस्तर सांगतो.

आधी जागा, मग खरेदी

कॅमेरा ऑर्डर करायच्या आधी मोबाईल घेऊन घराभोवती फिरा. जिथे कॅमेरा लावायचा विचार आहे तिथे स्टूलवर उभं राहून मोबाईल त्या उंचीला धरा, घरातल्या कुणालातरी गेटपासून दारापर्यंत चालायला सांगा आणि व्हिडीओ काढा. नंतर तो व्हिडीओ थांबवून झूम करा. अनोळखी माणसाला यावरून ओळखता येईल का, एवढंच बघायचं. येत नसेल तर जागा चुकीची, मग कॅमेरा कितीही महाग घ्या.

चेहरा पकडायचा कॅमेरा आणि परिसर बघायचा कॅमेरा ही दोन वेगळी कामं आहेत. चेहऱ्यासाठी अशी जागा शोधा जिथून प्रत्येकाला जावंच लागतं, म्हणजे गेट, जिन्याचं वळण, दुकानाचं दार, आणि तिथे सात-आठ फुटांच्या वर जाऊ नका. परिसराचा कॅमेरा दहा-बारा फुटांवर चालतो. लेन्सचं पण बघा, २.८ एमएमची लेन्स साधारण शंभर अंश रुंद बघते म्हणून सगळं अंगण दिसतं पण वीस-पंचवीस फुटांवरचा माणूस बारीक होऊन जातो, ४ एमएम त्यापेक्षा अरुंद आणि ६ एमएम आणखी अरुंद पण लांबचा चेहरा मोठा. अंगणाच्या टोकाला गेट असेल तर तिथे ६ एमएम घ्या, दुकानदार २.८ च देतो कारण ती जास्त खपते.

दुकानात आतून दाराकडे तोंड करून कॅमेरा लावला की दुपारच्या उन्हात आत येणारा प्रत्येक माणूस काळा दिसतो. त्यासाठी डब्ल्यूडीआर (उजेड आणि अंधार दोन्ही सांभाळून दाखवायची सोय) असलेला कॅमेरा घ्या, किंवा कॅमेरा दाराच्या बाजूला तिरका लावा. आणि गल्ल्यावरचा कॅमेरा नोटा आणि हात दिसतील असा ठेवा पण गिऱ्हाईक कार्डाचा पिन टाकतं ते बटण दिसू देऊ नका.

रात्रीचं वेगळंच असतं. अंधारात कॅमेरा इन्फ्रारेड लाईटवर बघतो आणि तो लाईट शेजारच्या भिंतीवर, पत्र्याच्या कडेवर, कुंडीच्या पानांवर आपटून परत आला की चित्र पांढरं फट्ट होतं आणि मागचं काहीच दिसत नाही. खिडकीच्या काचेआड ठेवलेल्या कॅमेऱ्याचं रात्री हेच होतं, काचेआडून बघायचंच असेल तर इन्फ्रारेड बंद करून बाहेर एक साधा बल्ब चालू ठेवा.

वायफाय की वायर

जमत असेल तिथे वायर ओढा, माझं मत यात पक्कं आहे. पीओई कॅमेऱ्याला एकाच लॅन केबलमधून वीज आणि डेटा दोन्ही जातं, कॅमेऱ्याजवळ वेगळा प्लग लागत नाही, आणि केबल शंभर मीटरपर्यंत चालते. पलीकडच्या टोकाला पीओई स्विच (अनेक केबल जोडायचा डबा) किंवा पीओई पोर्टवाला एनव्हीआर, म्हणजे कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग साठवणारा रेकॉर्डर, लागतो. केबल घेताना दुकानदाराला सरळ विचारा, प्युअर कॉपर आहे की सीसीए. सीसीए म्हणजे ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा, ती स्वस्त पडते पण लांब अंतरावर व्होल्टेज पडतं आणि रात्री इन्फ्रारेड लागले की कॅमेरा सारखा बंद-चालू होत राहतो, मग लोक कॅमेऱ्याला दोष देतात.

भाड्याचं घर असेल किंवा एकच कॅमेरा आतल्या खोलीत हवा असेल तर वायफाय ठीक आहे. त्यालाही वीज लागतेच हे लक्षात असू द्या. बहुतेक स्वस्त वायफाय कॅमेरे फक्त २.४ गिगाहर्ट्झवर चालतात, राउटरवर दोन्ही बँडचं नाव एकच असेल तर जोडताना अडतं, तेव्हा तेवढ्यापुरतं ५ गिगाहर्ट्झ बंद करा. कोकणातल्या जांभ्याच्या भिंती किंवा जुन्या वाड्याच्या दोन फुटी भिंती असतील तर सिग्नल एका भिंतीतच गळतो, म्हणून कॅमेऱ्याच्या जागी मोबाईलवर सिग्नल मोजून बघा, वजा ६५ डीबीएम किंवा त्याहून चांगला, म्हणजे वजा ५० कडे, असेल तरच भरवसा ठेवा.

खरेदी करताना बिल घ्या, बॉक्सवर बीआयएसचा (भारतीय मानक ब्यूरोचा) नोंदणी क्रमांक बघा. एप्रिल २०२५ पासून भारतात सीसीटीव्ही कॅमेऱ्यांना सायबर सुरक्षेच्या चाचण्या बंधनकारक झाल्यात, त्यामुळे बिननावाचा माल स्वस्तात मिळाला तरी नको. आणि ओन्व्हिफ लिहिलेलं असेल तर उत्तम, उद्या दुसऱ्या कंपनीचा रेकॉर्डर घेतला तरी कॅमेरा त्याला जोडता येतो.

भिंतीला भोक पाडायच्या आधी टेबलावर चालू करा

कॅमेरा, स्विच, राउटर सगळं टेबलावर मांडा आणि तिथेच पूर्ण सेटिंग करून घ्या, शिडीवर चढून मोबाईलवर टाइप करायची वेळ येऊ देऊ नका. कॅमेऱ्याला वीज द्या, एक-दोन मिनिटं थांबा, कंपनीचं ॲप उघडून बॉक्सवरचा क्यूआर स्कॅन करा. वायरवाला कॅमेरा असेल तर राउटरच्या पानावर जोडलेल्या डिव्हाइसच्या यादीत तो दिसतो, तिथे त्याचा आयपी, म्हणजे नेटवर्कवरचा पत्ता, राखून ठेवा म्हणजे लाईट जाऊन आली तरी तो बदलत नाही आणि रेकॉर्डरचा कॅमेरा हरवत नाही.

लगेच वेळ बघा. बरेच कॅमेरे चीनच्या वेळेवर सेट होऊन येतात, म्हणजे आपल्या अडीच तास पुढे. टाइम झोन यूटीसी अधिक साडेपाच तास करा आणि एनटीपी, म्हणजे इंटरनेटवरून वेळ आपोआप जुळवायची सोय, चालू ठेवा. रात्री दोनची चोरी फुटेजवर साडेचारला दिसली तर पोलिसांना समजावत बसावं लागेल.

मग फर्मवेअर, म्हणजे कॅमेऱ्यातलं सॉफ्टवेअर, अपडेट करा, आणि ते झाल्यावर पासवर्ड.

पासवर्डचं काम घाईत करू नका

२०१६ मध्ये मिराई नावाच्या व्हायरसने जगभरातले लाखो कॅमेरे, डीव्हीआर (रेकॉर्डर) आणि राउटर ताब्यात घेतले, त्यासाठी त्याच्याकडे काय होतं तर कंपनीने घालून दिलेल्या साठेक नाव-पासवर्डांची यादी, बस्स. त्याच कॅमेऱ्यांच्या फौजेने २१ ऑक्टोबरला अमेरिकेतल्या डिन या, साईटची नावं आणि पत्ते जुळवून देणाऱ्या कंपनीवर हल्ला केला आणि ट्विटर, नेटफ्लिक्ससारख्या साईट कित्येक तास अडखळल्या. आपल्याकडचं बघायचं तर फेब्रुवारी २०२५ मध्ये राजकोटच्या एका प्रसूतिगृहातल्या तपासणीचे व्हिडीओ इंटरनेटवर विकायला आलेले सापडले, अटक झालेल्यांत लातूर-सांगलीकडचेही लोक होते, आणि कॅमेऱ्यांना ॲडमिन१२३ सारखे पासवर्ड तसेच ठेवलेले होते असं तपासात निघालं. त्या बायकांची काय चूक होती? कुणीतरी कॅमेरा बसवून गेलं आणि पासवर्ड बदलला नाही, एवढंच कारण. त्यामुळे हे काम उद्यावर ढकलू नका.

कॅमेऱ्याचा, एनव्हीआरचा, राउटरचा आणि ॲपच्या खात्याचा, असे सगळे पासवर्ड वेगवेगळे ठेवा. बारा-चौदा अक्षरांच्या वर, गाडीचा नंबर आणि मुलाचं नाव नको. ॲपमध्ये दोन टप्प्यांचं लॉगिन असेल तर चालू करा. राउटरमधलं यूपीएनपी बंद करा, कारण त्यामुळे कॅमेरा तुम्हाला न विचारता बाहेरच्या जगाला दार उघडून देऊ शकतो. वायरमन पोर्ट फॉरवर्डिंग (बाहेरून थेट कॅमेऱ्यापर्यंत वाट उघडणं) करतो म्हणाला तर नको म्हणा, तसंही बऱ्याच फायबर आणि मोबाईल इंटरनेटवर स्वतंत्र पब्लिक आयपी (बाहेरून थेट पोचता येईल असा पत्ता) मिळत नाही त्यामुळे ते चालतही नाही. बाहेरून बघायला कंपनीचं ॲप पुरतं, आणि थोडं तांत्रिक जमत असेल तर घरच्या नेटवर्कला व्हीपीएनने (इंटरनेटवरच्या खासगी, सुरक्षित वाटेने) जोडून बघणं सगळ्यात चांगलं. राउटरमध्ये गेस्ट नेटवर्कची सोय असेल तर वायफाय कॅमेरे त्यावर टाका म्हणजे बँकेचं काम करता तो लॅपटॉप वेगळा राहतो.

आणखी एक, जे आपल्याकडे सर्रास होतं. बसवायला आलेला मुलगा स्वतःच्या मोबाईलवर, स्वतःच्या खात्यात कॅमेरा जोडतो आणि मग तुम्हाला शेअर करतो. म्हणजे मालक तो आणि पाहुणे तुम्ही. तो माणूस कितीही चांगला असो, असं होऊ देऊ नका, तुमच्या ईमेलवर खातं उघडा, तुमच्या समोर जोडायला सांगा, काम झालं की शेअरच्या यादीत कोण कोण आहे ते उघडून बघा. घरच्यांना पासवर्ड वाटण्यापेक्षा ॲपमधून शेअर करा, नंतर काढून टाकता येतं. कॅमेऱ्यावरच्या क्यूआर स्टिकरचा फोटो कुठल्याही ग्रुपवर टाकू नका.

आता भिंतीवर

बाहेरचा कॅमेरा आयपी ६६ किंवा ६७ चा घ्या (हा आयपी नेटवर्कचा नाही, धूळ-पाण्यापासून बचावाचा दर्जा आहे) पण पाऊस कॅमेऱ्यात शिरत नाही, जोडात शिरतो. कॅमेऱ्याची शेपटी आणि लॅनचा जोड जंक्शन बॉक्समध्ये ठेवा, सोबत आलेली रबरी टोपी नीट घट्ट बसवा, आणि केबल भिंतीत जायच्या आधी खाली झोका देऊन मग वर न्या म्हणजे पाणी झोक्याच्या टोकाशी गळून पडतं, वायरीबरोबर आत येत नाही. पागोळीच्या खाली थेट लावू नका. भोक बाहेरच्या बाजूला उतरतं पाडा. स्क्रू पूर्ण आवळायच्या आधी मोबाईलवर चित्र बघत कोन ठरवा आणि रात्री अंधार पडल्यावर परत एकदा बघा.

लाईट जाते तिथे राउटर, स्विच आणि एनव्हीआर तिन्ही इन्व्हर्टरवर घ्या. नुसता कॅमेरा इन्व्हर्टरवर आणि राउटर बाहेर राहिला तर मोबाईलवर काहीच दिसणार नाही. वीज पडण्याचा भाग असेल तर अर्थिंग तपासून घ्या.

रेकॉर्डिंग किती दिवस राहील

हिशोब सोपा आहे. १ एमबीपीएसने चोवीस तास रेकॉर्ड केलं तर साधारण १०.८ जीबी भरतं. एच २६५ (व्हिडीओ दाबून लहान करायची पद्धत) वर चांगला कॅमेरा २ एमबीपीएस धरा, म्हणजे दिवसाला २१.६ जीबी, चार कॅमेरे म्हटले की ८६ जीबीच्या आसपास, २ टीबीची डिस्क तेवीस दिवस पुरते. एका कॅमेऱ्यात १२८ जीबीचं कार्ड घातलं तर सहाएक दिवस. कार्ड हाय एन्ड्युरन्स लिहिलेलं घ्या, साधं कार्ड सारखं लिहून-पुसून लवकर मरतं, आणि डिस्कही सर्व्हेलन्सवालीच. सतत क्लाऊडवर पाठवायचं असेल तर एक कॅमेरा महिन्याला ६५० जीबी खातो, तुमचा प्लॅन बघा.

फक्त हालचाल झाल्यावर रेकॉर्ड करायची सोय आहे, पण झाड हललं, मांजर गेलं की सूचना येत राहतात आणि माणूस कंटाळून सूचना बंद करतो. त्यापेक्षा रेकॉर्डिंग सतत ठेवा आणि सूचना फक्त माणूस दिसल्यावर, फक्त गेटच्या चौकोनात, रात्री अकरा ते पहाटे पाच. एनव्हीआर दर्शनी भागात ठेवू नका, चोर जाताना तो उचलून नेतो, कुलूपबंद कपाटात ठेवा पण हवा खेळू द्या.

बसवून झाल्यावर दुसऱ्या दिवशी कालच्या रात्री तीनचं फुटेज शोधून मोबाईलवर डाऊनलोड करा. लाईव्ह दिसतंय म्हणून रेकॉर्ड होतंय असं धरू नका. मग दर महिन्याच्या एक तारखेला हेच करा, सोबत लेन्स मऊ कापडाने पुसा आणि कोळ्याची जाळी काढा, कारण इन्फ्रारेडजवळ किडे येतात आणि किड्यांमागे कोळी.

दुसऱ्यांची घरं, आणि पोलीस

शेजाऱ्यांचं दार, खिडकी, बाथरूमची झडप फ्रेममध्ये येत असेल तर ॲपमधून तेवढा भाग प्रायव्हसी मास्कने झाका, आणि शेजाऱ्यांना आपणहून बोलावून दाखवा, पुढची भांडणं टळतात. सोसायटीच्या जिन्यात लावायचा असेल तर आधी कमिटीला लेखी विचारा. ट्रायल रूम, कपडे बदलायची खोली, टॉयलेट इथे कॅमेरा नाही म्हणजे नाही, कुणाचं असं खासगी चित्रण करणं किंवा पसरवणं यासाठी आयटी कायद्याच्या कलम ६६ ई खाली तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. दुकानात नोकरमाणसं असतील तर कॅमेरे कुठे आहेत ते त्यांना सांगा आणि बाहेर पाटी लावा.

काही घडलंच तर आधी त्या वेळेच्या पुढच्या-मागच्या अर्ध्या तासाचं फुटेज एनव्हीआरवरून पेनड्राईव्हवर मूळ स्वरूपात काढा, नाहीतर डिस्क फिरून त्यावरच नवीन लिहिलं जातं. व्हॉट्सॲपवर पाठवलेला व्हिडीओ दाबून लहान केलेला असतो, पुरावा म्हणून तो देऊ नका. जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे अशा पुराव्यासोबत प्रमाणपत्र लागतं आणि त्यात फाईलची हॅश व्हॅल्यू (फाईल जराही बदलली की बदलणारा, तिची ओळख पटवणारा आकडा) लिहावी लागते, म्हणून मूळ फाईलला हात न लावता कॉपी पोलिसांना द्या आणि त्याची पोच घ्या.

कॅमेरा विकायचा किंवा कुणाला द्यायचा झाला तर ॲपच्या खात्यातून तो काढा, रिसेट बटण दाबून फॅक्टरी सेटिंगला आणा, आणि कार्ड काढून स्वतःकडे ठेवा.