दुकानाचे नाव, पत्ता आणि ग्राहकांची यादी आपल्याच ताब्यात

बडोद्यात डांडिया बजारात माझ्या मावशीचा दिवाळीच्या फराळाचा व्यवसाय आहे. तिची वेबसाइट ओळखीच्या एका माणसाने तयार करून दिली आणि डोमेन, म्हणजे वेबसाइटचे नाव, त्याने स्वतःच्या ईमेलवर नोंदवले. नूतनीकरणाच्या सूचना त्याच्याकडे जात राहिल्या, त्याने त्या पाहिल्या नाहीत, आणि ऐन नवरात्रात, मागण्या सुरू होण्याच्या वेळी, साइट बंद पडली. डब्यांवर आणि पिशव्यांवर तेच नाव छापलेले असल्यामुळे ते सोडवून घेण्यासाठी तिला नूतनीकरणाच्या कित्येक पट रक्कम भरावी लागली. त्यानंतर माझ्याकडे सल्ला विचारायला येणाऱ्या प्रत्येक लहान व्यावसायिकाला मी साइटच्या रंगरूपाआधी तिच्या मालकीविषयी विचारतो.

डोमेन स्वतःच्या नावाने, स्वतःच्या मोबाइल क्रमांकावर आणि स्वतःच्या खात्यातून पैसे भरून घ्यावे. साइट करणाऱ्याला केवळ काम करण्यापुरता प्रवेश द्यावा. पहिल्या वर्षाचा दर बहुधा सवलतीचा असतो, म्हणून पुढील वर्षांचा दर आधीच विचारून घ्यावा. नोंदणीसाठी दिलेला ईमेल पत्ता त्याच डोमेनवरचा नसावा, कारण डोमेनची मुदत संपली की तो पत्ताही बंद पडतो आणि मुदत संपल्याचे कळवणारे पत्र आपल्यापर्यंत पोहोचतच नाही. या खात्याला आणि त्या ईमेलला दुहेरी पडताळणी, म्हणजे पासवर्डखेरीज ओळखीचा आणखी एक टप्पा, अवश्य लावावी.

गूगलवरील दुकानाच्या नोंदीलाही हाच नियम लागू आहे: मालक म्हणून आपण राहावे आणि मदतनिसाला व्यवस्थापकाचा अधिकार द्यावा. ही नोंद विनामूल्य असून, माझ्या मते, लहान दुकानाला ती वेबसाइटपेक्षाही आधी हवी. दुकानाचे नाव पाटीवर आहे तसेच लिहावे. त्याला 'सर्वोत्तम', 'स्वस्त' अशी शेपटे जोडणे गूगलच्या नियमांत बसत नाही आणि त्यामुळे नोंद स्थगित होऊ शकते. उत्तरायणाच्या दोन दिवसांच्या आणि दिवाळीनंतरच्या सुट्टीच्या वेळा तेथे आधीच भराव्यात.

वेबसाइटवर काय लिहावे, यासाठी गल्ल्यावर आठ दिवस एक वही ठेवावी आणि लोक जे विचारतात ते त्यांच्याच शब्दांत टिपून घ्यावे. मावशीच्या साइटवर पहिले वाक्य होते, 'परंपरा आणि गुणवत्तेचा सुरेख संगम'. वहीत मात्र प्रश्न होते ते असे: अर्धा किलो मिळेल का, किती दिवस टिकेल, कोणत्या तेलात तळता, परदेशी पाठवता का, सोमवारी उघडे असते का. आता पहिल्याच परिच्छेदात या पाचही प्रश्नांची उत्तरे आहेत आणि त्याखाली पत्ता, वेळ आणि दाबताच फोन लागेल असा क्रमांक आहे.

शब्दांच्या निवडीकडे आपल्या शहरात विशेष लक्ष द्यावे लागते. आपण करंजी म्हणतो, पण गुजराती शेजारीण घूघरा शोधते. आपली चकली तिच्यासाठी चकरी असते. शहराचे अधिकृत इंग्रजी नाव 1974 मध्ये बदलून वडोदरा झाले, तरी 'बरोडा' असे टाइप करणारे आजही पुष्कळ आहेत. म्हणून दोन्ही नावे आणि पदार्थांचे दोन्ही शब्द पानावर ओघात यावेत, आणि शक्य असल्यास गुजराती लिपीतील एक स्वतंत्र पान असावे. दरपत्रकाचे छायाचित्र टाकून थांबू नये. चित्रातील अक्षरांवर शोधयंत्राचा भरवसा धरता येत नाही आणि मोबाइलवर ती वाचतानाही डोळ्यांना त्रास होतो. मोबाइलमधून काढलेला चार-पाच एमबीचा फोटो तसाच चढवू नये, तो दोनशे केबीच्या आसपास आणावा.

ईमेल जुनाट झाला असे अनेकांना वाटते. मला ते पटत नाही. अमेरिकेत किंवा इंग्लंडमध्ये राहणारा भाचा येथल्या मामांच्या घरी फराळ पाठवू इच्छितो तेव्हा त्याच्या जागेपणी बऱ्याचदा आपली रात्र असते, आणि पत्ता, वजन, रक्कम हे सारे एका पत्रात नीट नोंदलेले राहते. मात्र पत्र पोहोचले पाहिजे. आपल्या डोमेनचा पत्ता वापरून एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क या तीन नोंदी डोमेनच्या सेटिंगमध्ये करून घ्याव्यात. त्यांवरून पत्र खरोखर आपल्याकडूनच आले आहे हे समोरच्या सेवेला पडताळता येते. दिवसाला 5,000 किंवा अधिक पत्रे जीमेलवर पाठवणाऱ्यांना फेब्रुवारी 2024 पासून या तिन्ही नोंदी आवश्यक आहेत. आपली संख्या तेवढी नसली तरी या नोंदी असाव्यातच, अन्यथा पत्र स्पॅममध्ये जाण्याची शक्यता वाढते.

सर्व ग्राहकांचे पत्ते 'टू'च्या रकान्यात टाकून पत्र पाठवणे ही गंभीर चूक आहे, कारण त्यामुळे प्रत्येकाचा पत्ता सर्वांना दिसतो. पत्र मोठ्या प्रमाणावर पाठवण्याची सेवा वापरावी, ज्यांनी होकार दिला आहे त्यांनाच लिहावे आणि यादीतून नाव काढण्याची सोय ठळकपणे द्यावी. विषयाच्या ओळीत 'दिवाळीच्या हार्दिक शुभेच्छा' लिहिण्यापेक्षा 'अनारशांची मागणी वसुबारसेपर्यंत नोंदवता येईल' असे लिहावे. वाचणाऱ्याला पत्र उघडण्याचे कारण तेथेच मिळते.

व्हॉट्सअ‍ॅपची ब्रॉडकास्ट यादी, म्हणजे एकच संदेश अनेकांना स्वतंत्रपणे पाठवण्याची यादी, जास्तीत जास्त 256 जणांची असते आणि ज्यांनी आपला क्रमांक फोनमध्ये साठवला आहे त्यांनाच संदेश पोहोचतो. म्हणून पावती देतानाच क्रमांक साठवण्याची विनंती करावी. खाते कधी अचानक बंद झाले तर ही यादीही हाताबाहेर जाते. त्यामुळे दर महिन्याच्या पहिल्या तारखेला ग्राहकांची नावे, मोबाइल क्रमांक, ईमेल आणि होकाराची तारीख एका तक्त्यात उतरवून त्याची एक प्रत पेन ड्राइव्हवर घ्यावी आणि ती दुकानाच्या हिशेबाच्या वह्यांबरोबर कपाटात ठेवावी.