अंगण खरंच वाकडं आहे का? चाहत्यांनी बनवलेले प्लॅटफॉर्म गेम कसे खेळावेत, कसे पारखावेत

नाचता येईना अंगण वाकडं, ही म्हण प्लॅटफॉर्म गेम, म्हणजे फळ्या-खड्ड्यांवरून उड्या मारत पुढे जायचे गेम, खेळणाऱ्यांना चपखल बसते. खड्ड्यात पडलो की आधी कंट्रोलरचा उद्धार होतो, मग गेमचा, आणि स्वतःच्या अंगठ्याची पाळी कधीच येत नाही. पण चाहत्यांनी बनवलेल्या गेममध्ये अंगण खरोखरच वाकडं असू शकतं. कुणीतरी नोकरी किंवा कॉलेज सांभाळून रात्री जागून तो बनवलेला असतो. तपासणारे म्हणजे तो स्वतः आणि फार तर दोन मित्र. म्हणून असा गेम पारखायला बसलात, तर प्रत्येक वेळी मेल्यावर एकच गोष्ट ठरवायची: चूक नाचणाऱ्याची की अंगणाची? हे ठरवायची सवय लागली की गुण देणं सोपं जातं.

आधी जात ओळखा

‘फॅन गेम’ या एका नावाखाली तीन वेगळ्या गोष्टी खपतात. पहिली रॉम हॅक. यात मूळ गेमच्या आत शिरून लेव्हली (खेळाचे टप्पे), चित्रं, संगीत बदललेलं असतं. ‘सुपर मारिओ वर्ल्ड’चे हॅक एवढे फोफावले ते २००० साली आलेल्या ‘लूनर मॅजिक’ या लेव्हल एडिटरमुळे. दुसरी गोष्ट म्हणजे सुट्टा, स्वतंत्र गेम. पात्रं ओळखीची, पण इंजिन, म्हणजे गेम चालवणारा आतला सांगाडा, वेगळं. ‘सॉनिक रोबो ब्लास्ट २’ हा त्रिमितीय फॅन गेम तर ‘डूम’ या गेमच्या इंजिनावर उभा आहे. तिसरी गोष्ट म्हणजे तयार साच्यातल्या लेव्हली: २०१५ च्या ‘सुपर मारिओ मेकर’मधल्या, किंवा ‘सेलेस्ट’ या गेमसाठी खेळाडूंनी केलेले मॉड, म्हणजे वरून जोडायची भर.

मापं तीन ठिकाणी तीन लागतात. मारिओ मेकरच्या लेव्हलमध्ये उडी छान लागते याचं श्रेय बनवणाऱ्याला देण्यात अर्थ नाही, ती उडी त्याला आयती मिळाली आहे. तिथे फक्त मांडणी बघायची. स्वतंत्र गेममध्ये मात्र उडीसुद्धा त्याने स्वतः घडवलेली असते, आणि तिथेच निम्मे गेम गडगडतात.

यंत्र नीट लावा, नाहीतर निकाल खोटा

रॉम हॅक सहसा पॅचच्या रूपात मिळतो. पॅचमध्ये मूळ गेम नसतो, फक्त फरक असतो. तो तुमच्याकडच्या कायदेशीर मूळ प्रतीवर चढवायचा. इथे एक खाच आहे. बीपीएस प्रकारचा पॅच मूळ फाइल बरोबर आहे का हे आधी तपासतो आणि चुकीची असेल तर नकार देतो. जुना आयपीएस प्रकार काहीच तपासत नाही, समोर येईल त्यावर निमूट चढतो. सुपर निन्टेन्डो या जुन्या गेमयंत्राच्या काही फाइलींच्या सुरुवातीला ५१२ बाइट्सचं जादा शीर्षक (हेडर) असतं. ते असताना नसलेल्यासाठीचा पॅच चढवला की सगळे बदल ५१२ बाइट्सनी सरकतात आणि पडद्यावर चित्रांचा काला होतो. मी एकदा अशाच काल्याला ‘प्रायोगिक कला’ समजून दहा मिनिटं खेळलो होतो. तेव्हा गेम सुरुवातीलाच फुटला तर आधी आपली फाइल तपासा, बनवणाऱ्याला नंतर बोला.

जुने हॅक त्या काळच्या ढोबळ एम्युलेटरवर, म्हणजे जुन्या गेमयंत्राची नक्कल करणाऱ्या प्रोग्रामवर, तपासून बनवलेले असतात. आजच्या अचूक एम्युलेटरवर त्यातले काही अडखळतात किंवा बंद पडतात. सोबत आलेली रीडमी फाइल वाचा, कोणता एम्युलेटर हवा ते बहुधा तिथेच असतं. संगणकावर थेट चालणारी फाइल असेल तर अँटिव्हायरसने तपासल्याशिवाय उघडू नका. तुमचा मॉनिटर १४४ हर्ट्झचा (सेकंदाला १४४ वेळा चित्र बदलणारा) असेल तर तो ६० वर आणा. काही हौशी गेमांचा वेग फ्रेमच्या, म्हणजे पडद्यावर बदलणाऱ्या एकेका चित्राच्या, गतीला बांधलेला असतो, आणि मग नायक भूत लागल्यासारखा धावतो.

राहिला विलंब, म्हणजे बटण दाबल्यापासून पडद्यावर परिणाम दिसेपर्यंतचा वेळ. ६० फ्रेमच्या गेममध्ये एक फ्रेम साधारण १६.७ मिलिसेकंदांची. टीव्हीने चित्र सुधारण्यात चार-पाच फ्रेम खाल्ल्या, तर कडेवरून घेतलेली प्रत्येक उडी उशिरा पडणार. टीव्हीचा गेम मोड चालू करा आणि जमलं तर कंट्रोलर वायरने जोडा. तुमचं यंत्र सुस्त असताना ‘कंट्रोल ढिले आहेत’ असं लिहिणं हा सरळसरळ अन्याय आहे.

मूळ गेमचा हात आठवा

परीक्षणाआधी मूळ गेम अर्धा तास तरी खेळा. प्रत्येक मालिकेचा हात वेगळा असतो. मारिओला जडत्व आहे: तो हळूहळू वेग धरतो, थांबताना घसरतो, आणि बटण जितका वेळ दाबाल तितकी उडी उंच जाते. मेगा मॅन जवळजवळ लगेच पूर्ण वेगात चालतो आणि सोडलं की थांबतो. सॉनिकचा सगळा जीव उतारात आहे. उतारावर गोळा होऊन वेग कमावायचा आणि तो पुढे वापरायचा. १९८६ च्या ‘कॅसलव्हेनिया’त तर एकदा उडी मारली की हवेत दिशा बदलताच येत नाही.

त्यामुळे कॅसलव्हेनियाच्या फॅन गेममध्ये उडी ताठ आहे म्हणून गुण कापणं म्हणजे उसाला खारट नाही म्हणून नावं ठेवणं. उलट, सॉनिकच्या फॅन गेममध्ये उतारावरून येणारा वेग सपाटीला लागताच गळून पडत असेल, तर चित्रं कितीही देखणी असोत, गाभाच हरवला आहे.

आता सपाट जागा शोधा आणि पाच मिनिटं नुसते नाचा. छोटी उडी, मोठी उडी, धावता धावता वळणं, छताला डोकं आपटणं, भिंतीला घासून खाली येणं. मग फळीच्या अगदी टोकावरून उड्या मारून बघा. चांगल्या गेममध्ये पाय सुटल्यावरही काही फ्रेमपर्यंत उडी स्वीकारली जाते. याला ‘कोयोटी टाइम’ म्हणतात, कड्यावरून पुढे जाऊनही क्षणभर हवेत उभा राहणाऱ्या कार्टूनमधल्या कोयोटीवरून. तसंच जमिनीला टेकायच्या किंचित आधी दाबलेलं बटणही लक्षात ठेवलं जातं. ‘सेलेस्ट’ने या दोन्ही सवलती दिल्या आहेत आणि तो गेम सोपा आहे असं आजवर कुणी म्हटलेलं नाही. फॅन गेममध्ये ‘मी दाबलं होतं!’ असं वारंवार ओरडावंसं वाटलं, तर बहुतेक वेळा याच सवलती गायब असतात.

पहिली फेरी: सेव्ह स्टेट नाही, व्हिडिओ नाही, हातात वही

पहिली फेरी कोऱ्या डोळ्यांनी खेळायची. कुणाचा खेळ आधी पाहायचा नाही. सेव्ह स्टेटला (हव्या त्या क्षणी खेळ जपून पुन्हा तिथूनच सुरू करायची एम्युलेटरची सोय) हात लावायचा नाही, कारण दर तीन पावलांवर स्टेट घेतलात तर दोन चेकपॉइंटमधलं (मेल्यावर जिथून पुन्हा सुरुवात होते त्या जागांमधलं) अंतर जाचक आहे की नाही हे तुम्हाला कधीच कळणार नाही.

वहीत प्रत्येक मरणाची एक ओळ लिहा. कुठे, कशाने, आणि शेवटी एक अक्षर: ‘मी’साठी म, ‘गेम’साठी ग, शंका असेल तर श. अक्षर ठरवताना स्वतःला विचारायचं: मारणारी गोष्ट आधी दिसली होती का? दिसल्यावर हलायला वेळ होता का? आणि मेल्यावर काय चुकलं ते कळलं का? तिन्हींना हो, तर मुकाट्याने ‘म’ लिहा. शेवटच्याला नाही आलं, तर गेमकडे संशयाने बघा. कशाने मेलो हेच कळत नसेल तर खेळाडू शिकणार तरी काय?

‘श’च्या ओळींसाठी दुसरी फेरी. आता सेव्ह स्टेट खुशाल वापरा. ती एकच उडी वीस वेळा मारा. काट्याचं चित्र आणि प्रत्यक्ष लागणारा भाग, म्हणजे हिटबॉक्स, जुळतो का बघा. काट्याचा हिटबॉक्स चित्रापेक्षा थोडा लहान असला तर खेळाडू तक्रार करत नाही. तो मोठा असला, तर हवेतच मरण येतं आणि वहीतला ‘श’ खोडून तिथे ‘ग’ येतो.

वही भरली की एक मजा होते. पहिल्या दिवशी सगळीकडे ‘ग’ दिसत असतो. दुसऱ्या दिवशी शांत डोक्याने वाचताना त्यातले बरेच निमूटपणे ‘म’ करावे लागतात. म्हणून रागात गुण देऊ नयेत.

लेव्हल शिकवते कशी, ते बघा

१९८५ च्या ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ची पहिली लेव्हल यासाठी पुन्हा एकदा खेळा. शेवटाकडे दोन जिने समोरासमोर येतात आणि त्यांच्यामध्ये सपाट जमीन असते. चुकलात तरी काही बिघडत नाही, परत चढा. लगेच पुढे तसेच दोन जिने, पण या वेळी मध्ये खड्डा. एक अक्षर न लिहिता आधी सराव झाला आणि मग परीक्षा. मूळ गेमची फाइल अवघी ४० किलोबाइटची होती. म्हणजे शिकवायला जागा नव्हती, ही सबब कुणालाच चालणार नाही.

फॅन गेममध्ये हेच शोधा. नवा शत्रू, नवी फळी, नवं यंत्र पहिल्यांदा येतं तेव्हा खाली जमीन आहे की खड्डा? मग ती कल्पना पुढे वाढते का, तिला एखादं अनपेक्षित वळण मिळतं का, की तीच पाच वेळा चिकटवली आहे? हौशी माणसाचा नेहमीचा आजार म्हणजे सगळ्या आवडत्या कल्पना एकाच लेव्हलमध्ये कोंबणं. दहा खेळण्यांच्या गर्दीपेक्षा एका खेळण्याभोवती विणलेली लेव्हल मला नेहमी सरस वाटते.

आंधळ्या उड्या मोजा. खाली काय आहे ते दिसत नसताना उडी मारायला लावणं हा आळस आहे. नाण्यांची एक ओळ खाली सोडली असती तरी वाट कळली असती. सॉनिकच्या फॅन गेममध्ये याचं भावंड भेटतं: पूर्ण वेगात धावायला लावायचं आणि पडद्याच्या कडेलाच काटे ठेवायचे.

अवघड वेगळं, अन्यायी वेगळं

इथे घाई करू नका. २००७ च्या सुमारास आलेल्या ‘काइझो मारिओ वर्ल्ड’ या रॉम हॅकने एक अख्खा प्रकार जन्माला घातला. ‘काइझो’ या जपानी शब्दाचा अर्थ फेरबदल, पण आता त्याचा अर्थ ‘जीवघेणं अवघड’ असाच झाला आहे. नेमकी उडी जिथे मारावी तिथे डोक्यावर अदृश्य ठोकळा, ही त्याची ओळख. त्याच वर्षीचा ‘आय वॉना बी द गाय’ हा गेम तर खेळाडूच्या अपेक्षांचीच टर उडवतो. तिथे फसवणूक हाच विनोद आहे, आणि तो विनोद जमला का हे बघायचं असतं. पण ‘सोपा, पारंपरिक’ अशी पाटी लावलेल्या गेमच्या चौथ्या लेव्हलमध्ये अदृश्य ठोकळा निघाला, तर वहीत जाड अक्षरात ‘ग’ लिहा. पाटीवर जे लिहिलं आहे त्याच्याशीच गेम तोलायचा.

बनवणाऱ्याला स्वतःची लेव्हल सोपी वाटते, कारण त्याने ती शेकडो वेळा खेळलेली असते. मारिओ मेकरमध्ये लेव्हल चढवण्याआधी बनवणाऱ्याला ती स्वतः पार करावी लागते. त्यातून ती पार करता येते एवढंच सिद्ध होतं. पहिल्यांदा येणाऱ्याला ती वाचता येते का, हे तुम्हीच सांगू शकता. मेल्यावर पुन्हा त्याच जागी पोचायला किती सेकंद लागतात तेही मोजा. अवघड जागा आणि तिच्याआधी दीड मिनिटाची सोपी चाल, हा जोड मला सर्वांत जास्त चिडवतो.

चित्रं आणि संगीत

उसनी चित्रं हा गुन्हा नाही, या प्रकाराचा पायाच तो आहे. बघायचं एवढंच: तीन गेममधून उचललेले ठोकळे एकत्र नांदतात का, आणि कशावर उभं राहता येतं ते रंगांवरून पटकन कळतं का. कुणाचं काय घेतलं ते श्रेयनामावलीत लिहिलं आहे का, हेही बघा. संगीताची कसोटी साधी: तिसाव्या मरणानंतर आवाज बंद करावासा वाटला का?

गुण देताना

मी शंभरपैकी साधारण निम्मे गुण मांडणीला देतो, त्याखालोखाल कंट्रोलना, उरलेले कल्पकता आणि रंगरूपाला. मॉड किंवा तयार साच्यातली लेव्हल असेल तर कंट्रोलचे गुण मांडणीतच मिळवतो. तुमची वाटणी वेगळी असू द्या, पण पहिला गेम उघडण्याआधी ती लिहून ठेवा. स्पर्धेत वीस लेव्हली तपासायच्या असतील तर क्रम चिठ्ठ्या टाकून ठरवा, एका बैठकीत चार-पाचच घ्या आणि शेवटी पहिल्या दोन पुन्हा खेळा. सुरुवातीला आपण कडक असतो आणि शेवटी थकलेले. इतर परीक्षकांचे गुण आधी पाहू नका.

एखादा गेम संपलाच नाही तर कुठे थांबलात आणि का, हे स्पष्ट लिहा. न पाहिलेल्या भागावर मत देऊ नका.

लिहायचं कसं

‘तिसरी लेव्हल वैतागवाणी’ याचा बनवणाऱ्याला काडीचा उपयोग नाही. ‘तिसऱ्या लेव्हलमध्ये दुसऱ्या चेकपॉइंटनंतरची हलती फळी पडद्याबाहेरून येते, त्यामुळे कधी उडी मारायची ते कळत नाही, ती थोडी आधी दिसली तर जागा सुटेल’ याचा आहे. जागा, कारण, सुचलाच तर उपाय. आवडलेल्या जागाही तशाच नेमक्या सांगा, नाहीतर पुढच्या सुधारणेत तो बिचारा नेमक्या त्याच काढून टाकेल.

आणि समोरच्याला हलक्यात घेऊ नका. २०१७ चा ‘सॉनिक मेनिया’ हा अधिकृत सॉनिक गेम करणाऱ्यांत ख्रिश्चन व्हाइटहेड होते, आणि ते फॅन गेमच्या जगातूनच आले होते. मिल्टन गुआस्ती यांनी जवळजवळ दहा वर्षं खपून ‘मेट्रॉइड २’ या निन्टेन्डोच्या जुन्या गेमची नवी आवृत्ती ऑगस्ट २०१६ मध्ये फुकट दिली. निन्टेन्डोच्या कायदेशीर मागणीनंतर ती लगेच काढून घ्यावी लागली, पण पुढे त्याच गुआस्तींनी ‘ओरी अँड द विल ऑफ द विस्प्स’ या व्यावसायिक गेमच्या लेव्हलींवर काम केलं.

परीक्षणाच्या डोक्यावर गेमचा आवृत्ती क्रमांक आणि खेळल्याची तारीख टाका. फॅन गेम बदलत राहतात. नवी आवृत्ती आली की सगळा गेम पुन्हा खेळायची गरज नाही. वही उघडा आणि जिथे जिथे ‘ग’ लिहिला होता, तेवढ्याच जागी जाऊन पुन्हा उडी मारून बघा.