समुद्र साफ करायचाय? मग आधी पऱ्या बघा

सप्टेंबर उजाडला की आमच्या रत्नागिरीत प्रत्येक ग्रुपवर तोच मेसेज फिरायला लागतो, रविवारी सकाळी भाट्याला जमा, टोपी आणि पाण्याची बाटली घेऊन या. त्या महिन्याच्या तिसऱ्या शनिवारी आंतरराष्ट्रीय किनारा स्वच्छता दिवस असतो त्यामुळे बॅनर, टी-शर्ट, पाहुणे, फोटो सगळं यथासांग होतं. त्यात वाईट काही नाही, शाळेची पोरं येतात, चार माणसांच्या ओळखी होतात. पण पुढच्या भरतीला त्याच वाळूवर परत तसल्याच बाटल्या आणि तसलीच चपलांची सुटी जोडपी. तेव्हा वाडीतल्या सात-आठ माणसांना वर्षभर रेटता येईल असं काय करायचं ते लिहितोय. उदाहरणं रत्नागिरीची आहेत कारण राहतो इथे, पण हर्णे, गुहागर, मालवण, कुठेही थोडाफार बदल करून चालेल.

पहिली गोष्ट, कचरा येतो कुठून. थोडा समुद्र आणतो, बोटींवरचा असतो, पण बराचसा आपलाच असतो. आपल्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि तो जवळपास सगळा चार महिन्यांत, म्हणजे उरलेले आठ महिने पऱ्यात, म्हणजे वाडीतल्या ओढ्यात, जे जे टाकलं ते जून-जुलैत एका झटक्यात खाडीत आणि तिथून समुद्रात. काजळी नदी भाट्याच्या खाडीतून समुद्राला मिळते, तिला वरून किती पऱ्ये आणि व्हाळ येऊन मिळतात ते एकदा गुगल मॅपवर बघा. म्हणून सुरुवात किनाऱ्यावरून करू नका, आपल्या वाडीतल्या पऱ्यापासून करा.

एप्रिल-मेमध्ये पऱ्या कोरडा असतो तेव्हा दोघा-तिघांनी वरच्या टोकापासून खाडीपर्यंत चालत जायचं. पायात बूट हवेतच, काचा असतात. जिथे ढीग दिसेल तिथे मोबाईलचं लोकेशन चालू ठेवून फोटो काढायचा. थोडं चाललात की लक्षात येईल, कचरा सगळीकडे सारखा नसतोच, ठरलेल्या चार-पाच जागा असतात. रस्त्याच्या मोरीखाली, चिकनच्या दुकानामागे, नव्या बिल्डिंगच्या कंपाउंडबाहेर, पुलाच्या कठड्याशी जिथे गाडी थांबवून पिशवी भिरकावता येते तिथे. मग त्या जागेच्या आजूबाजूला राहणाऱ्यांशी बोला, पण भांडायला जाऊ नका. 'मावशी, इथे घंटागाडी किती वाजता येते?' एवढंच विचारा. बहुतेक वेळा कारण तिथेच सापडतं, गाडी साडेदहाला येते आणि घरातली दोन्ही माणसं नऊला बाहेर पडलेली असतात, नाहीतर गल्लीत गाडी वळत नाही म्हणून ती नाक्यावरूनच जाते आणि म्हाताऱ्या माणसाला तिथपर्यंत बादली नेणं जमत नाही. अशा ठिकाणी 'येथे कचरा टाकू नये' पाटी लावून शष्प फरक पडत नाही, गाडीची वेळ बदलली की पडतो.

म्हणून अर्ज करायचा तो एकाच गोष्टीचा करा. 'परिसर स्वच्छ ठेवावा' असा अर्ज दिला तर त्यावर कोण काय करणार? 'अमुक गल्लीत गाडी सकाळी साडेसातला यावी, इतकी घरं आहेत, सोबत फोटो आणि सह्या' असा द्या. नगरपरिषदेत आरोग्य विभागाला आणि त्याची प्रत मुख्याधिकाऱ्यांना, आणि आपल्या प्रतीवर आवक नंबराचा शिक्का मारून घेतल्याशिवाय तिथून हलायचं नाही. शिक्का असला की महिन्याने परत जाऊन विचारायला तोंड राहतं. हद्दीबाहेर ग्रामपंचायत असेल तर ग्रामसभेत विषय घ्यायला लावा, २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर या ठरलेल्या तारखा असतात, त्यातली १ मेची आपल्याला सोयीची कारण पाऊस महिन्यावर असतो आणि चाकरमानीही गावात असतात.

पऱ्यावर जाळी लावायची असेल तर ती नोव्हेंबर ते मे एवढीच. आपल्याकडे जुनं नायलॉनचं जाळं फुकट मिळतं, कुठल्याही बंदरावर विचारा. आडवं सरळ ताणून बांधू नका, तिरकं बांधा म्हणजे तरंगता कचरा सरकत सरकत एका काठाला गोळा होतो आणि घमेल्याने काढता येतो. वरच्या कडेला बोये किंवा बूच लावलेल्या रिकाम्या बाटल्या बांधायच्या, खालून हात-दीड हात मोकळं सोडायचं, मासे-कुर्ल्यांना जायला वाट पाहिजे. होडी जाते तिथे बांधायचं नाही हे सांगायला नको. आणि मृग लागायच्या आधी जाळं सोडून घरी आणायचं म्हणजे आणायचं. पहिल्या जोराच्या पावसात ते तुंबलं तर वरच्या घरांत पाणी शिरेल, शिवाय चढणीचे, म्हणजे पहिल्या पावसात वर चढून येणारे, मासे अडकतील ते वेगळंच, मग लोक तुमच्या नावाने शंख करतील आणि ते बरोबरच असेल.

आता किनारा. रविवार ठरवण्याआधी कालनिर्णय उघडा. आपल्याकडची जुनी पाऊणपटीची रीत ठाऊक असेलच, तिथीला पाऊणने गुणलं की भरतीची साधारण वेळ येते. तृतीया असेल तर तीन पाऊणे सव्वादोन, म्हणजे दुपारी सव्वादोनच्या आसपास भरती आणि सकाळी सव्वाआठला ओहोटी. एकादशीला सव्वाआठलाच भरती, त्या दिवशी सकाळी शंभर माणसं बोलावलीत तरी ती सुरूच्या झाडांखाली उभी राहून गप्पा मारतील. सकाळच्या कामाला द्वितीया ते चतुर्थी उत्तम, पक्ष कुठलाही चालेल. पौर्णिमा-अमावास्येच्या उधाणाने कचरा वर आणून टाकलेला असतो, त्याची रेघ वाळूवर स्पष्ट दिसते आणि पाणीही लांब गेलेलं असतं. पंधरवड्याने जवळपास तीच तिथी परत येते, त्यामुळे एकाआड एक रविवार धरला की दीडेक महिना तरी गणित बसतं. भांगाच्या दिवसांत, म्हणजे अष्टमी-नवमीला भरती-ओहोटी कमी असते तेव्हा, कचरा कमीच येतो, तेव्हा सुट्टी घ्या. ही रीत अंदाजाची आहे, तासभर इकडेतिकडे होतं, नक्की वेळ मोबाईलवर बघून घ्या. आणि जून ते ऑगस्ट पाण्याजवळ जायचंच नाही, खवळलेल्या समुद्रात बाटलीमागे धावायची हौस नको.

सामान फार लागत नाही. जाड हातमोजे, सिमेंटच्या रिकाम्या गोणी (काळ्या प्लास्टिकच्या पिशव्या आणू नका, प्लास्टिक उचलायला नवीन प्लास्टिक कशाला), एक-दोन कोयते किंवा सुऱ्या कारण वाळूत रुतलेलं जाळं ओढून निघत नाही, कापावं लागतं, आणि एक लटकवायचा वजनकाटा.

पण खरी मेख पुढे आहे, गोणी भरल्या, आता पुढे काय. इथे नव्वद टक्के मोहिमा फसतात असं माझं मत आहे, गोणी रस्त्याकडेला रचून सगळे मिसळ खायला जातात आणि संध्याकाळपर्यंत कुत्री त्या फाडतात. म्हणून तारीख ठरवण्याआधी भंगारवाल्याकडे जा. आमच्या इथल्याला विचारलं तर तो म्हणाला, 'भाऊ, बाटल्या घेईन, पण बाटलीतली वाळू काय वजनावर घेऊ?' त्याचं बरोबर आहे. बूच काढून पाणी-वाळू ओतून टाकायची, बाटल्या चेपायच्या, ओलं असेल तर उन्हात पसरायचं, मग तो घेतो. पाण्याच्या बाटल्या एका गोणीत, कडक प्लास्टिक म्हणजे डबे-कॅन-तुटकी बादली दुसऱ्या, पत्रा आणि पत्र्याचे डबे तिसऱ्या, काचेच्या बाटल्या वेगळ्या, नायलॉनची जाळी-दोऱ्या वेगळ्या. उरतात वेफर्स-बिस्किटांची चकचकीत पाकिटं, थर्माकोल, चपला, डायपर. हे कोणी विकत घेत नाही. याच्यासाठी नगरपरिषदेची गाडी त्या दिवशी, त्या वेळेला, लेखी ठरवून ठेवायची. सुई, औषधाच्या बाटल्या दिसल्या तर पोरांना हात लावू देऊ नका, जाड डब्यात बूच लावून वेगळ्या द्या. पावसाच्या तोंडावर आणि पावसात डांबराचे काळे गोळे वाहून येतात तेही या गोणीत मिसळू नका, सगळा माल खराब होतो. पायाला लागले तर खोबरेल चोळून पुसायचं, साबणाने जात नाहीत.

छोट्या गावाला हे जमत नाही असं कोणी म्हटलं तर वेंगुर्ल्याचं नाव सांगा. तिथल्या नगरपरिषदेने घराघरातून वेगळा केलेला कचरा घ्यायला सुरुवात केली आणि कचरा डेपोचीच बघायला जायची जागा करून टाकली, प्लास्टिक रस्त्याच्या डांबरात वापरलं. एक सहल तिकडे काढा, नगरसेवकांना घेऊन. त्याच फेरीत तिथल्याच मांडवी खाडीत स्वामिनी बचत गटाच्या बायका होडी वल्हवत कांदळवन (खाडीकाठचं तिवरांचं जंगल) दाखवतात तेही बघून या, तिवरं वाचवण्यावर भाषण द्यायची गरज उरत नाही.

मच्छीमारांशिवाय हे काम करायला जाऊ नका. मिरकरवाड्यासारख्या बंदरावर 'तुम्हीच कचरा करता' असं म्हणत गेलात की संपलं. त्यांच्या जाळ्यात प्लास्टिक येतं ते निवडण्यात त्यांचाच वेळ जातो. त्यांच्या मच्छीमार सोसायटीच्या चेअरमनना भेटा, जेट्टीवर दोन मोठे पिंप ठेवू का विचारा, एक फाटक्या जाळ्यांसाठी आणि एक बोटीवरच्या बाटल्या-पिशव्यांसाठी, आणि ते कोण रिकामे करणार हे आधी ठरवा, नाहीतर आठवड्यात तेच पिंप कचराकुंडी होतात. जून-जुलैत मासेमारी बंद असते, जाळी शिवायचं काम चालू असतं, बोलायला तीच वेळ चांगली. त्यांच्या उपयोगाची एक माहितीही द्या, कासवासारखा संरक्षित प्राणी जाळ्यात अडकला आणि जाळं कापून त्याला सोडलं तर राज्य सरकारची २०१८ पासून २५ हजार रुपयांपर्यंत भरपाईची योजना आहे, फक्त फोटो-व्हिडिओ काढून ठेवायला लागतो. अजून बऱ्याच जणांना ठाऊक नसतं.

काय उचलायचं नाही हेही सांगतो, कारण उत्साहात लोक सगळंच ओरबाडतात. वाहून आलेलं शेवाळ, लाकडं, शिंपले राहू द्या, त्यावर कुर्ल्या-पक्षी जगतात. वाळूवर पसरलेली जांभळ्या फुलांची मर्यादवेल उपटू नका, ती वाळू धरून ठेवते. जेसीबी तर अजिबात नको, कोणी नेत्याने हौसेने पाठवला तरी परत पाठवा. नोव्हेंबर ते मार्च ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात, पाण्यापासून वर गेलेला ट्रॅक्टरच्या चाकासारखा माग दिसला तर तिथे पाय न ठेवता वनखात्याला १९२६ वर फोन करा. मंडणगड तालुक्यातल्या वेळासला २००२ पासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्रने हे काम उभं केलं, गावातली माणसंच घरटी राखतात आणि पिल्लं बघायला येणाऱ्यांना घरी उतरवून जेवायला घालतात. खाडीत तिवरांवर भराव किंवा डेब्रिज पडताना दिसलं तर त्याचेही लोकेशनवाले फोटो काढा आणि कांदळवन कक्षाला कळवा, २०१८ च्या मुंबई हायकोर्टाच्या निकालाने तिवरं तोडणं आणि तिथे कचरा टाकणं दोन्ही बंद आहे, भोवतीचे ५० मीटरही मोकळे ठेवायचेत.

ओल्या कचऱ्याचं आपल्याकडे सोपं आहे, परसू असेल तर. माशाची खवलं-डोकी नारळाच्या आळ्यात वीतभर खोल पुरा, वर माती आणि पातेरा (वाळका पाला), मांजरं उकरत नाहीत. पातेरा जाळायचा नाही मात्र, तोच कामाला येतो. फ्लॅटवाल्यांनी सोसायटीत दोन जाळीचे पिंजरे करावेत, एक भरेपर्यंत दुसऱ्यातलं खत होतं.

गणपतीत काम तिप्पट असतं. दीड दिवसाच्या, गौरी-गणपतीच्या आणि अनंत चतुर्दशीच्या विसर्जनाला घाटावर दोन-दोन माणसं उभी करा, निर्माल्य पिशवीतून बाहेर काढून कलशात आणि पिशवी परत त्याच माणसाच्या हातात. 'आण रे इकडे' असं एखाद्या वाडीतल्या आजीने म्हटलं तर कोणी नाही म्हणत नाही, म्हणून तरण्या पोरांपेक्षा आजी उभ्या करा.

वजनाची वही ठेवा, तारीख, ठिकाण, कुठल्या प्रकाराचे किती किलो. वर्षाने पुढचा अर्ज करताना फोटोपेक्षा ही वही जास्त कामाला येते, कुठली पाकिटं सगळ्यात जास्त सापडली तेही त्यात लिहा. भंगाराचे जे काही पैसे येतील त्यांचा हिशेब त्याच दिवशी ग्रुपवर टाकायचा, चहा-वडापाव, हातमोजे, जाळ्याची दोरी, जे असेल ते. गोणी भंगारवाल्याकडे पोचवायला रिक्षा-टेम्पोवाला आपल्यातलाच असेल तर बरं, नाहीतर भाडंच सगळे पैसे खाऊन टाकतं.