ग्वाल्हेरला फुटबॉल कोच व्हायचंय? आधी मुलं जमवा, मग लायसन्स

उन्हाळी शिबिरं संपत आली की दोन-चार पोरं मला हमखास गाठतात. कुणी एलएनआयपीई या इथल्या शारीरिक शिक्षणाच्या संस्थेतून बी.पी.एड. ही पदवी करून बाहेर पडलेला, कुणी जिल्ह्याकडून खेळलेला. सगळ्यांचं विचारणं एकच, "सर, फुटबॉल कोच व्हायला आता काय करू?"

पहिलं म्हणजे पदवी वेगळी आणि लायसन्स वेगळं. 1957 साली सुरू झालेली ही संस्था आपल्या गावात आहे हे आपलं नशीब, पण बी.पी.एड.वर लागते ती शाळेत पीटी सरांची नोकरी. अकादमी किंवा क्लब विचारतो ते एआयएफएफचं, म्हणजे अखिल भारतीय फुटबॉल महासंघाचं लायसन्स. आधी डी, मग सी, बी, ए आणि सगळ्यात वर प्रो. पटियालाच्या एनआयएस या राष्ट्रीय क्रीडा संस्थेचा डिप्लोमा हा तिसराच रस्ता. सरकारी कोचच्या जागांवर डोळा असेल तर तो बघा. या तिन्हींची गल्लत करून लोक वर्षं घालवतात.

डीचा कोर्स जेमतेम आठवडाभराचा असतो. अवघड आहे ते तो आपल्या जवळपास लागणं. जागा मोजक्या, त्यामुळे भोपाळ नाहीतर दिल्ली गाठायची तयारी ठेवा. फी, राहणं, प्रवास आणि वर शाळेतून आठवडाभर सुट्टी. खाजगी शाळेतल्या पगारात हे सगळं बसवणं सोपं नाही, आणि पुढच्या प्रत्येक पायरीला खर्च वाढतच जातो.

कोर्समध्ये मैदानावर तुम्हाला एक विषय देतात. समजा, दबावाखाली पासिंग. कोर्सला आलेले बाकीचे लोकच तुमचे खेळाडू. इथे चांगले खेळलेले लोक हटकून स्वतः बॉल घेऊन करामती दाखवायला लागतात. इन्स्ट्रक्टरला त्यात काडीचा रस नसतो. तुम्ही खेळ कुठे थांबवला, थांबवल्यावर कुठे उभे राहिलात, किती बोललात, हे तो बघतो. "अरे, नीट पास दे ना" हे कोचिंग नव्हे. "बॉल यायच्या आधी खांद्यावरून मागे बघ, मग कुठल्या पायावर घ्यायचा ते ठरव" हे कोचिंग. ही नजर त्या आठवड्यात येत नाही. तीच मुलं महिनोन् महिने समोर असली, दर रविवारी त्यांची मॅच बघितली, तर येते.

आणि खरी गोची तिथेच आहे. आपल्याकडे लहान मुलांना सीझनच नाही. ट्रायल्स होतात, घाईघाईत टीम ठरते, स्पर्धेत एक-दोन मॅचमध्ये गारद होऊन पोरं परत येतात, की पुढच्या वर्षीपर्यंत सामसूम. मुलं ड्रिल शिकतात, खेळ शिकत नाहीत. आपण शिकवलेलं मॅचमध्ये टिकलं का, हे कोचलाही कळत नाही. सगळं खापर क्रिकेटवर फोडायची आपल्याला सवय आहे. मैदान आपल्याला नेट्स उरकल्यावर मिळतं हे खरंच, पण मिझोराम बघा. 2011च्या जनगणनेत त्या अख्ख्या राज्याची लोकसंख्या साधारण 11 लाख, म्हणजे आपल्या ग्वाल्हेर शहराएवढीच. तिथे 2012 पासून स्वतःची प्रीमियर लीग चालू झाली आणि 2017 मध्ये तिथल्या आयझॉल एफसीने आय-लीग ही देशपातळीवरची लीग जिंकली. कोच होते खालिद जमील, जे 2025 मध्ये भारताचे कोच झाले.

म्हणून माझा सल्ला असा की लायसन्सची वाट बघत बसू नका. कंपू, लष्कर, मुरार, शहराच्या ज्या भागात राहता तिथली दहा-बारा वर्षांची डझनभर मुलं जमवा. गावात तुमच्यासारखाच कुणीतरी मुलं घेऊन बसलेला असतोच, त्याच्याशी बोलून रविवारची मॅच ठरवा. सात-सात खेळाडू, चार नंबरचा बॉल आणि अर्धंच मैदान. मोठा गोल मात्र टाळा. आठ फूट उंच, चोवीस फूट रुंद गोलात दहा वर्षांचा कीपर उभा केला की बाकीच्यांना पासिंगची गरजच उरत नाही. लांबून बॉल उंच उडवला की गोल! काठ्या लावून छोटा गोल करा. मेमध्ये सकाळी साडेसहाच्या आत मैदानात असा, नंतरच्या उन्हात कोणी काही शिकत नाही.

पंधराव्या वर्षी पोरं गळतात. आधी दहावी, मग जेईई, मग कोटा. नेमकी तेव्हाच मोठ्या मैदानावरच्या खेळाची समज यायला लागलेली असते. "अहो, खेळू दे की, पण हे वर्ष महत्त्वाचं आहे," असं आई-वडील म्हणतात, आणि त्यांचंही चूक नाही. मुलगा आठवीत असतानाच घरी जाऊन बोला. दहावीत सराव बंद करण्यापेक्षा आठवड्याला तीन संध्याकाळींवर आणा. दोन्ही बाजूंना झेपतं.

कागदपत्रांचा कंटाळा करू नका. फिफाच्या नियमानुसार खेळाडू पैसे मोजून दुसऱ्या देशातल्या क्लबकडे गेला, तर बारा ते तेवीस या वयात त्याला घडवणाऱ्या क्लबांना त्या रकमेतले 5 टक्के वाटून मिळतात. आपल्यापर्यंत ते पैसे यायची शक्यता आज कमीच, पण मुलगा आपल्याकडे खेळल्याची नोंदच नसेल तर प्रश्नच मिटला. पहिल्याच महिन्यात प्रत्येकाचा जन्मदाखला मागा, तोही जन्माच्या वेळी काढलेला. ट्रायल्सच्या आदल्या आठवड्यात काढलेला दाखला कोणी आणला, तर वय कमी दाखवलेलं असू शकतं, त्या मुलाला वरच्या वयोगटात खेळवा.