वैयक्तिक कर्जाचे हप्ते चालू असताना पहिले घर घेताना

लग्न, आजारपण किंवा शिक्षणासाठी काढलेल्या वैयक्तिक कर्जाचे हप्ते अजून चालू आहेत आणि घराचा विचारही पुढे ढकलवत नाही, अशा स्थितीत बहुतेक कुटुंबांना एकच प्रश्न पडतो : हाताशी असलेली बचत घरासाठी राखावी की आधी कर्ज फेडावे? याचे उत्तर शोधताना कर्जाचे किती मुद्दल शिल्लक आहे यापेक्षा त्याचा मासिक हप्ता किती आहे हे आधी पाहावे, कारण बँक गृहकर्जाची पात्रता हप्त्यावरून ठरवते.

एक उदाहरण घेऊ. हातात येणारा पगार दरमहा ८०,००० रुपये आहे आणि सर्व कर्जांचे हप्ते मिळून पगाराच्या निम्म्यापर्यंत, म्हणजे ४०,००० रुपयांपर्यंत चालतील, असे बँकेने ठरवले आहे असे धरू. साडेआठ टक्के व्याजाने २० वर्षांच्या मुदतीत एक लाखाच्या कर्जाला सुमारे ८६८ रुपये हप्ता पडतो. त्या हिशेबाने कोणतेही कर्ज नसेल तर सुमारे ४६ लाखांचे गृहकर्ज मिळू शकते. आता तीन वर्षांपूर्वी १४ टक्के व्याजाने, पाच वर्षांच्या मुदतीसाठी काढलेले पाच लाखांचे वैयक्तिक कर्ज डोक्यावर असेल, तर त्याचा ११,६३४ रुपयांचा हप्ता ४०,००० मधून वजा होतो आणि पात्रता सुमारे ३२ लाख ७० हजारांवर येते. या कर्जाचे शिल्लक मुद्दल एव्हाना जेमतेम २ लाख ४२ हजार उरलेले असते. तरीही ते सव्वातेरा लाखांहून अधिक गृहकर्ज अडवून धरते.

हेच गणित घराच्या किमतीला लावून पाहावे. पुणे शहरात ४८ लाखांचा तयार फ्लॅट घ्यायचा आहे असे समजू. तीस लाखांपर्यंतच्या गृहकर्जात घराच्या किमतीच्या ९० टक्क्यांपर्यंत, तीस ते पंचाहत्तर लाखांच्या कर्जात ८० टक्क्यांपर्यंत आणि त्याहून मोठ्या कर्जात ७५ टक्क्यांपर्यंतच रक्कम देण्याची मुभा रिझर्व्ह बँकेने बँकांना दिली आहे. म्हणजे येथे कर्ज जास्तीत जास्त ३८ लाख ४० हजार आणि स्वतःचे ९ लाख ६० हजार. त्यावर सात टक्के मुद्रांक शुल्काचे ३ लाख ३६ हजार आणि नोंदणी फीचे ३०,००० रुपये स्वतःच्याच खिशातून भरावे लागतात, कारण मुद्रांक व नोंदणीचा खर्च बँक घराच्या किमतीत धरत नाही. (घर केवळ स्त्रीच्या नावावर घेतल्यास मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत मिळते, ४८ लाखांवर ती ४८,००० रुपयांची होते. करारातील किमतीपेक्षा रेडी रेकनरची, म्हणजे सरकारी दरपत्रकाप्रमाणे येणारी, किंमत जास्त असेल, तर शुल्क त्या जास्त किमतीवर बसते.)

एकूण १३ लाख २६ हजारांची सोय करावी लागते. वैयक्तिक कर्ज तसेच ठेवले, तर पात्रतेतील ५ लाख ७० हजारांची तूट स्वतःच भरावी लागून हा आकडा १९ लाखांच्या आसपास जातो. कर्ज आधी मिटवले, तर मुद्दल धरून १५ लाख ६८ हजारांत काम होते. म्हणून १६ लाखांची बचत असलेल्या कुटुंबाने आधी वैयक्तिक कर्ज मिटवावे, असे माझे स्पष्ट मत आहे. मात्र मुदतपूर्व फेडीचे शुल्क वजा जाता हाती फार तर वीस-पंचवीस हजार उरतील आणि एवढ्या तुटपुंज्या शिलकीवर गृहकर्जाचा पहिला हप्ता सुरू करणे मला धोक्याचे वाटते. हप्त्याचे वाचलेले ११,६३४ रुपये आवर्ती ठेवीत टाकत वर्षभर थांबावे. तेवढ्यात एक लाख चाळीस हजारांची गंगाजळी तयार होते.

अंशतः फेड करताना एक चूक हमखास होते. बँका बहुधा हप्ता तोच ठेवून मुदत कमी करतात. व्याज त्याने वाचते, पण पात्रता तिळमात्र वाढत नाही. घर जवळच्या काळात घ्यायचे असेल तर हप्ता कमी करून मागावा. क्रेडिट कार्डाची उधारी मात्र सर्वांत आधी फेडावी, कारण तिचा वार्षिक व्याजदर ३६ टक्के किंवा त्याहूनही वर जातो.

अर्ज करण्यापूर्वी स्वतःचा पतअहवाल, म्हणजे आपल्या कर्जांची आणि त्यांच्या फेडीची नोंद, मागवावा. देशातील चारही पतमाहिती कंपन्यांनी तो वर्षातून एकदा विनामूल्य द्यायचा असतो. फेडलेले कर्ज त्यात ‘क्लोज्ड’ दिसले पाहिजे. तडजोडीने कमी रक्कम भरून मिटवलेल्या कर्जापुढे ‘सेटल्ड’ असा शेरा येतो आणि पुढचा कर्जदाता तो पाहून सावध होतो. त्यामुळे वसुली करणाऱ्याने सूट देऊ केली तरी शक्य असल्यास पूर्ण रक्कम भरून ना-देय प्रमाणपत्र घ्यावे. मित्राच्या किंवा भावाच्या कर्जाला आपण जामीन राहिलो असू, तर तेही आठवून ठेवावे, कारण कायद्याने जामीनदाराची जबाबदारी मूळ कर्जदाराइतकीच असते. कार्यालयातील पतपेढीची कपात तर पगारपत्रकावरच छापलेली असते. यातील काहीही अर्जात लपवू नये.

स्वतःच्या वाट्याची रक्कम कमी पडते म्हणून नवे वैयक्तिक कर्ज काढण्याचा सल्ला अनेक मध्यस्थ देतात. तो मानू नये. नव्या हप्त्याने पात्रता पुन्हा घटते आणि दोन्ही कर्जे एकाच पगारावर येतात. त्यापेक्षा कमावता जोडीदार सहकर्जदार म्हणून घेणे, भविष्य निर्वाह निधीतून घरासाठी रक्कम काढणे किंवा सरळ लहान घर पाहणे बरे.

अंगावर कर्ज असताना बांधकाम चालू असलेल्या इमारतीपेक्षा भोगवटा प्रमाणपत्र (राहायला जाण्याची अधिकृत परवानगी) मिळालेला फ्लॅट मी सुचवीन. बांधकामाधीन घरात चालू भाडे, गृहकर्जाचे व्याज आणि जुना हप्ता हे तिन्ही एकदम भरावे लागतात, शिवाय किमतीवर सर्वसाधारणपणे पाच टक्के, तर परवडणाऱ्या घरांच्या व्याख्येत बसल्यास एक टक्का जीएसटी लागतो. पूर्णत्वाचा दाखला मिळाल्यानंतर विकलेल्या घराला तो लागत नाही. तरीही बांधकामाधीन घरच घ्यायचे असल्यास महारेरा या राज्याच्या गृहप्रकल्प नियामक प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर प्रकल्पाची नोंदणी पाहावी आणि नोंदणीकृत करार होण्यापूर्वी किमतीच्या १० टक्क्यांहून अधिक रक्कम देऊ नये. तेवढीच मागण्याची विकासकाला कायद्याने परवानगी आहे.

मंजुरीपत्र हाती आल्यावर फ्रिज, सोफा किंवा नवा मोबाइल हप्त्यावर घेण्याचा मोह कर्जवितरण होईपर्यंत आवरावा. रक्कम देण्यापूर्वी बँक पतअहवाल पुन्हा पाहू शकते, आणि तेथे नवा हप्ता दिसला तर मंजूर रक्कम कमी होण्याची वेळ विक्रेत्याला बयाणा दिल्यानंतर येते.