एंजल फिश पाळताना: टाकीची उंची, पाण्याची तयारी आणि जोडीचा स्वभाव

एंजल फिश घरी येतो तो त्याच्या रूपामुळे. टाकीत पुढे उद्भवणाऱ्या बहुतेक अडचणी मात्र त्याच्या स्वभावातून येतात. हा मासा सिक्लिड कुळातला आहे, म्हणजेच तो शिकारी आहे, स्वतःची हद्द राखणारा आहे आणि जोडीने पिल्ले सांभाळणारा आहे. दक्षिण अमेरिकेतील ॲमेझॉनच्या खोऱ्यात, संथ पाण्यात बुडालेली मुळे आणि उभ्या पाणवनस्पती यांच्या दाटीत तो राहतो. त्याचे दोन्ही बाजूंनी चपटे शरीर आणि त्यावरचे उभे काळे पट्टे त्या दाटीत मिसळून जातात, आणि लहान मासे व कोळंब्या अगदी जवळ येईपर्यंत त्यांना त्याचा पत्ता लागत नाही. दुकानात मिळणारे चंदेरी, काळे, संगमरवरी नक्षीचे, सोनेरी किंवा लांब परांचे एंजल रंगाने कितीही वेगळे दिसले, तरी त्यांचा हा मूळ स्वभाव तोच असतो. ओरिनोको खोऱ्यातला अल्टम एंजल आकाराने मोठा आणि फार देखणा असतो; परंतु त्याला अतिशय मऊ व आम्लधर्मी पाणी लागते, त्यामुळे नवख्या माणसाने त्याच्या वाटेला जाऊ नये.

टाकी निवडताना लोक लांबी पाहतात, लिटर मोजतात आणि उंचीकडे दुर्लक्ष करतात. पूर्ण वाढलेल्या एंजलची लांबी सुमारे 15 सेंटिमीटर असते, पण वरचा आणि खालचा पर धरून त्याची उंची 20 सेंटिमीटर किंवा त्याहूनही अधिक भरते. म्हणून टाकी किमान 45 सेंटिमीटर उंच असावी आणि तळाची वाळू वजा जाता पाण्याची खोली पुरेशी उरते का, हे विकत घेण्यापूर्वीच पाहावे. एका जोडीसाठी 100 ते 120 लिटर आणि पाच-सहा माशांच्या गटासाठी 200 लिटरपेक्षा मोठी टाकी योग्य ठरते. गोल काचेच्या भांड्यात हा मासा ठेवणे हा निव्वळ छळ आहे. आतली मांडणी उभी असावी: मागच्या बाजूला व्हॅलिस्नेरिया ही उंच पाणवनस्पती, मधे रुंद पानांची ॲमेझॉन स्वोर्ड आणि लाकडाच्या ओंडक्यावर बांधलेले जावा फर्न एवढे पुरेसे आहे, मात्र समोरचा भाग पोहण्यासाठी मोकळा सोडावा. फिल्टरचा झोत जोरदार असेल तर मोठ्या परांच्या या माशाला दिवसभर प्रवाहाशी झगडावे लागते. स्पंज फिल्टर, किंवा झोत काचेकडे वळवलेला साधा फिल्टर, त्याला मानवतो. दिवा रोज आठ तास पुरतो.

टाकी भरली की दुसऱ्या दिवशी मासे आणण्याची घाई हेच पहिल्या महिन्यातल्या मृत्यूंचे सर्वांत मोठे कारण असते. माशांच्या उत्सर्गातून आणि उरलेल्या अन्नातून अमोनिया तयार होतो. काही जिवाणू त्याचे नायट्राइट करतात आणि दुसरे जिवाणू त्या नायट्राइटचे तुलनेने कमी घातक असे नायट्रेट करतात. हे जिवाणू फिल्टरच्या स्पंजात पुरेसे वाढायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. तेवढा काळ टाकी माशांविना चालवावी, तिला अमोनियाचा थोडा थोडा पुरवठा करावा आणि टेस्ट किटवर अमोनिया व नायट्राइट दोन्ही शून्य दिसू लागल्यावरच मासे सोडावेत. आधीपासून चालू असलेल्या निरोगी टाकीतला स्पंज मिळाला, तर हा काळ बराच कमी होतो. पुढेही फिल्टरचा स्पंज नळाखाली कधीच धुऊ नये. पाणी बदलताना काढलेल्या जुन्या पाण्यातच तो पिळून घ्यावा, कारण नळाच्या पाण्यातल्या क्लोरीनमुळे हे जिवाणू मरतात.

पाण्याचे तापमान 25 ते 28 अंश सेल्सिअस असावे, आणि त्यात दिवस-रात्रीची मोठी चढउतार नसावी. सामू (पीएच, म्हणजे पाण्याची आम्लता मोजणारा आकडा) 6 ते 7.5 च्या दरम्यान असला की चालते. टाकीत पैदास झालेले एंजल मध्यम जड पाण्याशीही जुळवून घेतात, त्यामुळे रसायने ओतून सामू रोज वर-खाली करत बसण्यापेक्षा तो स्थिर ठेवणे अधिक हिताचे असते. दर आठवड्याला 25 ते 30 टक्के पाणी बदलावे. नवे पाणी टाकीतल्या पाण्याइतकेच कोमट असावे आणि त्यात क्लोरीन काढणारे द्रावण घातलेले असावे. पाणी रात्रभर उघडे ठेवल्याने क्लोरीन उडून जातो, काही ठिकाणी नळाच्या पाण्यात घातले जाणारे क्लोरामीन हे त्याचेच संयुग मात्र जात नाही.

मासे विकत घेताना रुपयाच्या नाण्याएवढी पाच-सहा पिल्ले एकदम घ्यावीत. काचेजवळ बोट नेल्यावर उत्सुकतेने पुढे येणारी, सरळ परांची आणि स्वच्छ डोळ्यांची पिल्ले निवडावीत. कोपऱ्यात पर मिटून उभे राहणारे पिल्लू दया म्हणून आणू नये. नवे मासे दोन ते चार आठवडे वेगळ्या टाकीत ठेवावेत. सोबतीला कोरिडोरास, ब्रिसलनोज प्लेको आणि अंगाने भरलेले टेट्रा चांगले राहतात. निऑन टेट्रा आणि एंजल लहानपणी एकत्र सुखाने नांदताना दिसतात, पण एंजल मोठा झाला की एकेक निऑन नाहीसा होऊ लागतो. यात एंजलचा दोष काहीच नाही. टायगर बार्ब त्याचे लांब पर कुरतडतात, तर गोल्डफिशला थंड पाणी लागते, म्हणून हे दोन्ही टाळावेत.

आहार थोडा आणि वैविध्यपूर्ण असावा. दाणेदार किंवा पापुद्र्यांचे तयार खाद्य रोजचे, आणि आठवड्यातून दोन-तीनदा गोठवलेला ब्राइन श्रिंप (खाऱ्या पाण्यातला कोळंबीसारखा बारीक जीव) किंवा ब्लडवर्म (लाल अळ्या) द्यावा. मोठ्या माशांना दिवसातून दोनदा, दोन मिनिटांत संपेल एवढेच घालावे. एंजल माणसाला ओळखून काचेपाशी येतो आणि सतत भुकेला असल्याचा आव आणतो. त्याला भुलू नये.

अंगावर मिठाच्या कणांसारखे ठिपके दिसले, तर तो पांढऱ्या ठिपक्यांचा रोग समजावा. अशा वेळी तापमान एक-दोन दिवसांत हळूहळू 30 अंशांपर्यंत वाढवावे, गरम पाण्यात प्राणवायू कमी विरघळत असल्याने हवेचा पंप जोरात चालवावा आणि औषध ठिपके गेल्यावरही सांगितलेल्या मुदतीपर्यंत चालू ठेवावे, कारण परजीवी माशाच्या अंगावरून सुटून पाण्यात असतानाच औषध त्याच्यावर लागू पडते. मासा खाणे सोडून पांढरी, दोऱ्यासारखी विष्ठा टाकू लागला, तर आतड्यातल्या परजीवींची शंका घ्यावी आणि जाणकाराला विचारून औषध करावे.

आठ-दहा महिन्यांचे झाल्यावर गटातले दोन मासे एक कोपरा बळकावतात आणि इतरांना हाकलू लागतात, तेव्हा जोडी जमली असे समजावे. नर-मादी एरवी ओळखता येत नाहीत. अंडी घालण्याच्या सुमारास पोटाखाली दिसणारी नळी नराची बारीक व टोकदार, तर मादीची जाड व बोथट असते. जोडी रुंद पान, उभी ठेवलेली पाटी किंवा फिल्टरची नळी तोंडाने घासून साफ करते आणि मादी त्यावर ओळीने काहीशे अंडी चिकटवते. सगळीच अंडी पांढरी पडली, म्हणजे फळली नाहीत, तर दोन्ही माद्या असण्याचीही शक्यता असते. दोन-तीन दिवसांत अंडी फुटतात, पण पिल्ले लगेच पोहत नाहीत; ती डोक्याने चिकटून शेपट्या वळवळत राहतात, आणि एखादे सुटून खाली पडले की आई किंवा बाप ते तोंडात धरून पुन्हा जागेवर चिकटवतो. पहिल्या एक-दोन खेपांना जोडी अंडी खाऊन टाकते, तेवढ्यावरून तिला नालायक ठरवू नये. रात्री पूर्ण अंधार न करता मंद दिवा ठेवला, तर पालकांना पिल्ले नजरेआड होत नाहीत.

पुढच्या चार-पाच दिवसांत पोटाशी असलेला बलक संपतो आणि पिल्ले पोहू लागतात. तेव्हापासून त्यांना नुकताच उबवलेला आर्टेमिया (ब्राइन श्रिंपची पिल्ले) दिवसातून तीन-चार वेळा द्यावा आणि तळाशी उरलेला भाग रोज नळीने ओढून काढावा. सुरुवातीला ही पिल्ले साध्या लांबट माशांसारखी दिसतात, काही आठवड्यांत त्यांचे पर उभे वाढतात. नेमक्या याच काळात दाटी झाली किंवा पाणी खराब राहिले, तर खुंटलेले पर पुढे सुधारत नाहीत. जोडी दरम्यान पुन्हा अंडी घालण्याच्या तयारीला लागते आणि मोठ्या पिल्लांनाच हाकलू लागते, म्हणून त्यांच्यासाठी दुसरी टाकी आधीपासून चालवून ठेवावी.